जुन्या परदेशी मोटारीची नाडीपरीक्षा

मोटार बिघडली की पूर्वीचा मेस्त्री बॉनेट उघडून प्रथम कान देत असे. इंजिनाचा ठोका कुठे चुकतो, धूर काळा येतो की निळा, प्लग काढला तर त्याच्या टोकावर काजळी धरली आहे की तेल, एवढ्यावरून तो बहुधा दुखण्याच्या मुळाशी पोहोचे. आजचा मेस्त्री स्टिअरिंगच्या खाली हात घालतो, तेथील सॉकेटमध्ये स्कॅनरचा कपलर बसवतो आणि हातातल्या पडद्याकडे पाहतो. पडद्यावर एक अक्षर व चार अंक उमटतात आणि निदानाला आरंभ होतो. नव्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट इतकी सरळ झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल, अशी शंकाही कोणास येत नाही.

परंतु गाडी पंचवीस-तीस वर्षांची असली आणि त्यातून परदेशात घडलेली असली, तर हाच स्कॅनर मुका होतो. कपलर बसत नाही. बसला तर स्कॅनरचा दिवा लागत नाही. दिवा लागला तर ‘संपर्क होत नाही’ एवढेच उत्तर मिळते. मालक मग दुसरा स्कॅनर आणतो, नंतर तिसरा. शेवटी कोणीतरी सल्ला देतो की ही गाडी आता दुरुस्तीपलीकडे गेली, भंगारात काढावी. वस्तुतः गाडी दुरुस्तीपलीकडे गेलेली नसते. तिला तिच्या भाषेत प्रश्न विचारणारा भेटलेला नसतो. ही भाषा कोणती, हे दुकानाच्या फळीवर मांडलेल्या स्कॅनरांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी गाडी कोणत्या साली, कोणत्या देशासाठी आणि कोणत्या कायद्याखाली घडली, हे पाहावे लागते. म्हणून आज थोडे इतिहासात जाऊ.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या कारखान्यात होत नाही. तो होतो लॉस एंजेलिसच्या आकाशात. २६ जुलै १९४३ रोजी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, त्या शहरावर धुरकट हवेचा असा झोंबणारा थर पसरला की लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही भीती काहींना वाटली. प्रथम दोष कृत्रिम रबरासाठी लागणारे द्रव्य बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माथी मारण्यात आला. पण तो बंद ठेवूनही आकाश काही निवळले नाही. हॉलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे तेव्हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अध्यापन करीत. अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करणारा हा अभ्यासक हवेच्या पृथक्करणाकडे वळला आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत त्याने दाखवून दिले की अर्धवट जळालेल्या पेट्रोलाच्या वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले म्हणजे ही विषारी हवा तयार होते. मुख्य अपराधी होती ती दारोदारी उभी असलेली मोटार. पुढे १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेच्या संरक्षणासाठी राज्य मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला.

या कायद्याचा आणि मोटारीतील संगणकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. कायद्याने ठरवलेली मर्यादा पाळण्यासाठी १९७५ च्या नमुन्यापासून अमेरिकेतील बहुतेक गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. तीन प्रकारच्या दूषित वायूंचा एकदम बंदोबस्त करणारा कन्व्हर्टर आला, तेव्हा त्याची एक अट होती : पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखले गेले पाहिजे. साध्या कार्ब्युरेटरला हे जमण्यासारखे नव्हते. म्हणून धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर आला. व्होल्व्होने १९७७ च्या नमुन्यात, कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या गाड्यांत तो प्रथम बसवला. सेन्सरचे म्हणणे ऐकून क्षणोक्षणी पेट्रोल कमीअधिक करणारा विद्युत-मेंदू ओघानेच आला. ज्याला इंजिनाची एवढी बित्तंबातमी असते, त्याला बिघाडही प्रथम कळणार. तो त्याने आपल्या स्मरणात नोंदवावा आणि चालकापुढे एक दिवा लावावा, एवढीच पायरी उरली होती. १९८१ च्या नमुन्यात जनरल मोटर्सने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल-मोटारींत असा मेंदू बसवला, आणि ‘चेक इंजिन’ हा दिवा घरोघर ओळखीचा झाला.

त्या गाड्यांत डॅशबोर्डाखाली बारा पिनांचे एक सॉकेट असे. त्याचे इंग्रजी नाव, आद्याक्षरांनी ए-एल-डी-एल, उकलून पाहिले तर अर्थ निघतो ‘जुळणीच्या रांगेवरील निदानाची जोडणी’. म्हणजे ते मालकासाठी नव्हते, मेस्त्रीसाठीही नव्हते. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी गाडी तपासणाऱ्या कामगारासाठी होते. त्यातून माहिती येई तीही आरंभी सेकंदाला अवघ्या १६० बिटांच्या गतीने. परंतु मेस्त्री लोक हुशार. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन पिना कागदाला लावायच्या टाचणीने जोडल्या की दिवा लुकलुकू लागे. एकदा लुकलुक, किंचित विराम, मग दोनदा : हा झाला बारा क्रमांकाचा संकेत, म्हणजे मेंदू जागा आहे. त्यानंतरचे संकेत मोजायचे आणि पुस्तकात त्यांचा अर्थ पाहायचा. स्कॅनर नसताना केलेली ती नाडीपरीक्षा होती.

इतर कंपन्यांनीही आपापली सोय केली, आणि ती प्रत्येकीने वेगळी केली. आपल्याकडे म्हणतात की दर बारा कोसांवर भाषा बदलते. येथे तर दर कारखान्यागणिक भाषा बदलली. बीएमडब्ल्यूने बॉनेटखाली वीस पिनांचे गोल सॉकेट दिले. मर्सिडीजने अडतीस पिनांचे गोल सॉकेट दिले. टोयोटात ‘टीई-१’ व ‘ई-१’ ही दोन टोके तारेने जोडली की दिवा संकेत देई. होंडात त्याच कामासाठी दोन पिनांचा लहानसा निळा कपलर असे. व्होल्व्होच्या १९९० च्या सुमाराच्या अनेक गाड्यांत बॉनेटखाली एक पेटीच बसवलेली आढळते. तिच्यात लोंबती तार, क्रमांक घातलेली छिद्रे, एक बटण व एक बारीक दिवा असतो. तार हव्या त्या छिद्रात खोवायची, बटण दाबायचे आणि लुकलुक मोजायची. अशा गाडीच्या मालकाने स्कॅनरच्या शोधात पैसा घालवणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हा गोंधळ मोडला तो पुन्हा हवेच्या कायद्यानेच. कॅलिफोर्नियाने आधी एवढेच सांगितले होते की गाडीने आपला बिघाड आपण ओळखावा. तो कोणत्या भाषेत सांगावा, हे सांगितले नव्हते. १९८८ साली अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, सॉकेट व तपासणीचे संकेत समान असावेत अशी शिफारस केली. १९९० साली स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १९९६ च्या नमुन्यापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ‘ओ-बी-डी दोन’ ही पद्धती सक्तीची झाली. सोळा पिनांचे समलंब आकाराचे सॉकेट चालकाच्या हाताशी आले. संकेतांना एकरूपता आली : ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी वा ज्वलन चुकते आहे, ‘पी ०४२०’ म्हणजे कन्व्हर्टरचे काम मंदावले आहे, मग गाडी डेट्रॉइटची असो की टोकियोची. दूषित वायूंचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपटीवर जाईल असा बिघाड झाला की दिवा लागलाच पाहिजे, हे त्या नियमांचे सूत्र होते.

या सूत्रातच त्याची मर्यादाही आहे. कायद्याला हवा स्वच्छ हवी होती. मेस्त्रीचे काम सोपे व्हावे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. म्हणून धुराशी ज्याचा संबंध, तेवढेच समान झाले. ब्रेकची एबीएस यंत्रणा, एअरबॅग, दारांची कुलपे यांची भाषा प्रत्येक कंपनीने आपल्याजवळच राखली. समान म्हटलेल्या भागातही एक बोली न ठरता पाच ठरल्या. फोर्डची एक, जनरल मोटर्सची दुसरी; क्रायस्लर आणि युरोप-आशियातील बहुतेक कंपन्यांची आय.एस.ओ. ९१४१ ही तिसरी. तिचीच सुधारलेली चौथी. आणि बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ ही पाचवी. अमेरिकेत २००८ च्या नमुन्यापासून ‘कॅन’ हीच सक्तीची झाली, तेव्हा कुठे एकभाषा आली. म्हणून केवळ ‘कॅन’ जाणणारा स्वस्त स्कॅनर १९९८ च्या गाडीपुढे निरुत्तर होतो, यात नवल नाही.

आता परदेशी गाडीच्या मालकास सर्वांत अधिक फसवणारी गोष्ट सांगतो. कायदा देशाच्या सीमेवर थांबतो. बीएमडब्ल्यूच्या १९९० च्या दशकातील ‘ई-३६’ या तीन मालिकेचे उदाहरण घ्या. १९९७ साली बनलेली, अमेरिकेसाठी पाठवलेली गाडी पाहिली तर तिच्यात बॉनेटखालचे गोल सॉकेट आहे आणि आत सोळा पिनांचे प्रमाण सॉकेटही आहे. त्याच वर्षीची, त्याच घाटाची, परंतु युरोपसाठी बनलेली गाडी पाहिली तर फक्त गोल सॉकेट. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पण एकीला प्रमाण भाषा शिकवली होती, दुसरीला शिकवण्याची सक्ती कोणी केलीच नव्हती. युरोपात अशी सक्ती पेट्रोलच्या नव्या मोटारींना सरसकट लागू झाली ती २००१ साली, आणि डिझेलच्या मोटारींना त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. जपानच्या देशी बाजारासाठी त्या काळी बनलेल्या गाड्यांनाही अमेरिकेचा नियम लागू नव्हता. सारांश, ‘१९९६ नंतरची गाडी म्हणजे कोणताही स्कॅनर चालेल’ हे वाक्य अमेरिकेत खरे असले तरी इतरत्र ते खोटे ठरते.

आपल्या देशाचा हिशेब आणखी निराळा. १९९५ साली पुण्यात मर्सिडीजच्या ‘डब्ल्यू-१२४’ या मोटारीची जुळणी सुरू झाली. १९९६ साली वडोदऱ्याजवळील हालोल येथून ओपेल ॲस्ट्रा बाहेर पडली. कुळाने या गाड्या परदेशीच. त्या काळी भारतात निदानपद्धतीविषयी कायद्याची सक्ती नव्हती. ती आली भारत स्टेज-४ बरोबर : पहिली पायरी १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरी १ एप्रिल २०१३ पासून, तीही त्या नियमांखाली येणाऱ्या गाड्यांना. त्यामुळे परदेशातील वास्तव्य आटोपून कोणी सोबत आणलेली गाडी असो, वा येथेच जुळवलेली त्या काळची गाडी असो, तिची भाषा तिच्या मूळच्या कारखान्याची असणार, हे धरून चालावे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उतरलेल्या मोटारींचा तर प्रश्नच नाही. त्यांत विद्युत-मेंदूच नाही. तेथे जुन्या मेस्त्रीचा कान हाच स्कॅनर.

येथे कोणी म्हणेल, सॉकेटचा आकार जुळवून देणाऱ्या तारा बाजारात मिळतात. वीस पिनांच्या गोल सॉकेटावर एक टोक, दुसऱ्या टोकाला सोळा पिना, मग अडचण ती काय? अडचण ही की तार आकार बदलते, भाषा बदलत नाही. जनरल मोटर्सच्या १९९४-९५ च्या काही गाड्यांत सोळा पिनांचे नवे सॉकेट आहे, पण आत बोली जुनीच आहे. फोक्सवॅगन व ऑडीच्या १९९० च्या दशकातील अनेक गाड्यांचेही तसेच. येथे संभाषण कसे सुरू होते ते ऐकण्यासारखे आहे. स्कॅनर प्रथम एका तारेवर सेकंदाला पाच बिटा, इतक्या संथ गतीने एक पत्ता पाठवतो. तेवढ्यालाच दोन सेकंद लागतात. जणू दार हळूहळू ठोठावून तो एक नाव पुकारतो. प्रमाण स्कॅनर ‘३३’ या पत्त्याला हाक मारतो. फोक्सवॅगनचा जुना इंजिन-मेंदू ‘०१’ या पत्त्यालाच ओ देतो, आणि पुढचे बोलणेही कंपनीच्या स्वतःच्या बोलीत करतो. कपलर घट्ट बसलेला, तारा शाबूत, दोन्ही यंत्रे धडधाकट, आणि तरी संवाद शून्य. या बोलीचा उलगडा करणारी साधने कंपनीबाहेरच्या अभ्यासकांनी चिकाटीने तयार केली. अमेरिकेतील रॉस-टेक या लहानशा संस्थेने २००० च्या सुमारास विक्रीस आणलेले साधन हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण होय.

या इतिहासातून खरेदीपूर्वीचा क्रम आपोआप निघतो. पहिला प्रश्न गाडीच्या सालाचा न विचारता तिच्या बाजारपेठेचा विचारावा : ही मुळात कोणत्या देशात विकण्यासाठी बनली? दुसरा प्रश्न सालाचा. तिसरा, सॉकेट कुठे आहे आणि कसे आहे. सोळा पिनांचे असल्यास टॉर्च घेऊन त्यात डोकवावे, कारण सर्व जागी धातूची पिन नसते. चौथ्या-पाचव्या जागी अर्थिंग व सोळाव्या जागी बॅटरीची वीज असते. सहाव्या व चौदाव्या जागी पिना असतील तर ‘कॅन’चा संभव, सातव्या जागी असेल तर युरोपीय-आशियाई बोली, दुसऱ्या व दहाव्या जागी असतील तर फोर्डची, दहावी रिकामी असून दुसरी भरलेली असेल तर जनरल मोटर्सची. हे पक्के प्रमाण नव्हे, पण दिशा कळते. चौथा प्रश्न विक्रेत्यास : आमच्या गाडीचे नाव, साल आणि इंजिनाचा क्रमांक-प्रकार तुमच्या यादीत आहे काय, आणि असल्यास केवळ इंजिन वाचता येते की ब्रेक व एअरबॅगही? ‘सर्व गाड्यांना चालतो’ हे उत्तर मिळाल्यास पिशवी उचलून बाहेर पडावे.

गाडी बोलत नाही म्हणून स्कॅनरला दोष देण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ गाड्यांत सॉकेटची वीज आणि सिगारेट पेटवण्याच्या लायटरची वीज एकाच फ्यूजवरून येते. तो फ्यूज उडालेला असला तर स्कॅनर जागा होत नाही. आणि ज्या जुन्या बीएमडब्ल्यूत दोन्ही सॉकेटे आहेत, तेथे बॉनेटखालच्या गोल सॉकेटाचे झाकण नीट फिरवून बसलेले असावे लागते. त्या झाकणातच आतल्या सॉकेटाचा संबंध जोडलेला असतो. झाकण हरवले की स्कॅनर मुका.

स्वस्त स्कॅनरांविषयीही एक शब्द. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने ‘ईएलएम-३२७’ नावाची चिप काढली. ती प्रमाण पद्धतीच्या पाचही बोली जाणत असे. तिच्या आरंभीच्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते, आणि जगभर तिच्या असंख्य नकला निघाल्या. मूळ संस्थेने २०२२ साली काम थांबवले. नकला मात्र चालूच आहेत. अनेक नकलांत जुन्या बोली गाळलेल्या असतात, आणि नेमकी त्याच बोलीची गरज जुन्या गाडीला असते. मूळ चिपलाही १९९६ पूर्वीच्या कंपनी-बोली येत नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे.

आणि योग्य स्कॅनर मिळाला, संकेत उमटला, तरी काम संपले असे नव्हे. प्राणवायूच्या सेन्सरचा संकेत आला म्हणजे सेन्सरच गेला, असे अनेक जण धरून चालतात व महागडा भाग बदलतात. जुन्या गाडीत बहुधा हवेच्या नळीचे रबर चिरलेले असते. तेथून शिरणाऱ्या जादा हवेची तक्रार सेन्सर इमानाने करीत असतो. तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार होय. स्कॅनर कुठे पाहावे ते सांगतो. पाहायचे काम मेस्त्रीच्या डोळ्यांनाच करावे लागते.

शेवटी या सर्वांत पणाला काय लागले आहे? मोटार ही मालकाची. परंतु तिच्या पोटातील नोंद वाचण्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा तो प्रश्न. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली कौल दिला की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला. हे कायदे बहुतांशी नव्या गाड्यांकडे पाहतात. जुन्या गाड्यांचा कैवार त्यांना जपणाऱ्यांनीच घेतला आहे. कंपन्यांनी ज्या बोली विस्मृतीत जाऊ दिल्या, त्या त्यांनी लिहून ठेवल्या, पिनांचे नकाशे काढले, जुने स्कॅनर राखून ठेवले. इंदूर, हैदराबाद वा बेळगावच्या एखाद्या गल्लीतील गॅरेजमध्ये जुन्या कपलरांचा जुडगा खुंटीला टांगलेला दिसला, तर तो अडगळ समजू नये. गाडीचे साल, तिची बाजारपेठ आणि तिच्या सॉकेटातील पिना यांची टिपणी घेऊन आधी तेथे जावे. नवा स्कॅनर घ्यायचाच असेल तर तो त्यानंतर घ्यावा.